रद्दीत टाकण्याआधी विचारा: वाचकांचे प्रश्न

दिवाळीची आवराआवर जवळ आली की ह्या सदराकडे माळ्यावरच्या वस्तूंची पत्रं यायला लागतात, ह्या वेळी तर जवळजवळ सगळीच तशी आहेत, म्हणून हा अख्खा अंक जुन्या वस्तू आणि जुन्या कागदांना दिलाय. एक आधीच सांगते, फोटो पाठवून "ह्याचे किती येतील" विचारलंत तर मी आकडा सांगणार नाही. कागद हातात घेऊन उजेडाकडे धरल्याशिवाय, पितळ उलटं करून बुड बघितल्याशिवाय किंमत सांगणं म्हणजे तुमची फसवणूकच. पण विकत घेताना किंवा विकताना काय बघायचं, काय विचारायचं ते मनापासून सांगते.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर राहतो. जुन्या वस्तू जमवायचा नाद लागलाय पण महिन्याला फार तर पाचशे रुपये बाजूला पडतात. जुन्या बाजारात एकदा जाऊन आलो, नुसता गोंधळलो, भंगार कुठलं आणि चांगलं कुठलं काही कळेना. सुरुवात कशी करू? (एक विद्यार्थी, शिवाजीनगर)

पाचशे पुष्कळ झाले रे, फक्त ते पितळेत घालू नकोस, कागदात घाल. पितळ वजनावर मोजलं जातं आणि त्यातलं सगळ्यांनाच कळतं असं सगळ्यांना वाटतं, त्यामुळे तिथे स्वस्त काही मिळत नाही. कागदाकडे अजून फार लोक बघत नाहीत.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो हे तुला माहिती असेलच. सकाळी पथाऱ्या मांडत असतात, पोती उपसत असतात तेव्हा पोच. पहिली चक्कर नुसती बघायची, खिशात हात घालायचा नाही. दुसऱ्या चकरेला जिथे पाय थबकला होता तिथे खाली बसायचं, उभ्यानं वाकून काही दिसत नाही, माल पोत्याच्या तळाशी असतो. बरोबर एक भिंग ठेव, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहा पट मोठं दाखवणारं, आणि एक टॉर्च. "हे अँटिक आहे का" असं विचारू नकोस, हा शब्द निघाला की भाव चढलाच. चार-पाच गोष्टी एकत्र काढून सगळ्यांचा मिळून भाव कर, त्यात तुला हवी ती एक असू दे. आणि एक पाळ, सकाळी भवानी व्हायच्या आधी घासाघीस करून तसाच उठून जाऊ नकोस, त्यांना ते फार लागतं आणि मग पुढे कधी तो माणूस तुझ्यासाठी काही बाजूला काढून ठेवणार नाही. बाजूला काढून ठेवणारा एक मामा मिळाला की निम्मं काम झालं.

विषय एकच धर. पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या जुन्या सिटी बसची, तिकिटं घे, २००७ मध्ये तिची पीएमपीएमएल झाली त्यामुळे पीएमटीचा माल आता नव्यानं तयार होणार नाही. किंवा रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं, काडेपेटीची लेबलं, नाटकांची हँडबिलं, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या. प्रभात कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून पुण्यात आली, त्यामुळे पुण्याच्या जुन्या घरांमधनं त्या काळातला सिनेमाचा कागद अजूनही अधूनमधून निघतो, पण तो दिसला तर लगेच हुरळून जाऊ नकोस, त्याच्या कलर झेरॉक्सही निघाल्यात, भिंग लाव.

आणि आता माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं, घेताना विचार, "मामा, हे कुठल्या घरातनं आलं?" कधी खरं सांगतील, कधी नुसतं "कसब्यातनं" एवढंच म्हणतील, कधी हात झटकतील. जे सांगतील ते घरी जाऊन चिठ्ठीवर शिसपेनीनं लिहून त्या वस्तूबरोबर ठेव, तारीख आणि दिलेले पैसे पण लिही. ह्या चिठ्ठीशिवाय तुझ्याकडे नुसता ढीग जमेल. मोबाइल, कॅमेरे, घड्याळं, नंबर खरवडलेलं काहीही तिथनं घेऊ नकोस, चोरीचा माल निघाला तर घेणाराही अडकतो.

प्रश्न: आमचा नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे गेलाय, दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्यात. माळ्यावर सासऱ्यांच्या आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. मोडी कागद, पत्रं, लग्नपत्रिका, दुकानाच्या वह्या, थोडे फोटो. रद्दीवाला किलोनं मागतोय. एक गृहस्थ बघून गेले, ते सगळ्याचे मिळून पाच हजार देतो म्हणाले पण आजच्या आज द्या म्हणतात. घरात मोडी कुणालाच येत नाही. काय करू? (एक गृहिणी, पुणे ३०)

वहिनी, आजच्या आज द्या म्हणणाऱ्याला आधी नाही म्हणा. ज्याला खरंच घ्यायचंय आणि योग्य भाव द्यायचाय तो आठ दिवस थांबतो. पाच हजार कमी की जास्त हे मला माहीत नाही, त्यांना मात्र नक्की माहिती आहे, आणि तुम्हाला कळायच्या आत व्यवहार उरकायची घाई त्यांना आहे, एवढं पुरे.

दुसरं, ट्रंक चादरीवर उपडी करू नका. हे मी हात जोडून सांगते. ज्या माणसानं ती भरली त्यानं काहीतरी हिशेबानं भरलीय, कुठल्या पत्राखाली कुठली पावती, कुठल्या फडक्यात काय बांधलंय, ह्यावरनंच पुढे कोण कुणाचं हे लागतं. वरचा थर दिसतोय तसा मोबाइलवर फोटो काढा, तो थर उचलून एका खोक्यात, मग पुढचा थर, पुन्हा फोटो. रुमालात बांधलेलं असेल तर रुमालासकट ठेवा, जुन्या दफ्तरात कागद कापडात गुंडाळून ठेवायची पद्धतच होती आणि त्या गठ्ठ्याला रुमालच म्हणतात, पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदांच्या पुण्यातल्या सरकारी संग्रहात, आजही तसंच मोजतात. हात धुऊन कोरडे करा, शेजारी चहाचा कप नको.

नारायण पेठ म्हणजे नदीकाठ, त्यामुळे अजून एक बघा, कागदांवर मातकट रंगाची एक सरळ रेघ आणि तिच्याखाली सगळं फुगलेलं, चिकटलेलं आहे का. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात तुमच्या भागातली किती दफ्तरं वाहून गेली, जी वाचली त्यातल्या बऱ्याच कागदांवर अशी खूण असते. चिकटलेली पानं ओढून सुटी करायला जाऊ नका, फाटतील, ती तशीच वेगळी ठेवा आणि कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

आता एकेक. पाकिटावरची तिकिटं कापू नका. पोरं कापतात आणि तिकिटं अल्बमला लावतात, पण पत्र, पाकीट, तिकीट आणि टपालाचा शिक्का हे चौघं एकत्र असले तरच त्यांना अर्थ आहे, सुटं तिकीट बहुतेक वेळा शेकड्यानं मिळणारं निघतं. वह्या उघडून बघा, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (माणसागणिक खात्यांची वही) दोन्ही असतील तर फार उत्तम, एका दुकानात वर्षभर कोण काय उधार नेत होतं, गुळाचा भाव कधी वाढला, प्लेगच्या साथीत विक्री कशी आटली हे असल्या वहीतच सापडतं, छापील इतिहासात नाही. रद्दीवाल्याच्या तराजूत वही जड असते म्हणून तीच पहिली जाते, त्याचं मला कायम वाईट वाटतं.

मोडी कागदात खरेदीखतं, गहाणखतं, कर्जरोखे, वाटणीपत्रं जास्त असणार. विकायच्या दृष्टीनं स्टँप पेपर काही फार दुर्मिळ नाहीत, पण वाडा पाडायला निघालाय तर त्यातला एखादा कागद तुमच्या हक्काचा असू शकतो, म्हणून वाचून घेतल्याशिवाय एकही बाहेर देऊ नका. काळ ढोबळ कळायला मोडी यायलाही लागत नाही. स्टँपवर राणी व्हिक्टोरिया असली तर साधारण १९०१ पर्यंतचा, सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पंचम जॉर्ज १९१० ते १९३६, त्यानंतर सहावा जॉर्ज, शिल्लक साठा थोडा पुढे वापरलेला असतो तेवढं धरून चाला. त्याहून जुनं, पेशवाईतलं काही असेल तर त्यात साल आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेलं सापडेल, इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे अकराशे एकसष्ट, ह्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, हे पानिपतचं साल. मोडी वाचणारी माणसं पुण्यात आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, १९१० पासून ही संस्था हेच काम करतेय, मोडीचे वर्गही तिथे भरतात.

लग्नपत्रिकांना कमी लेखू नका. त्यांच्यावर शके असतो, त्यात ७८ मिळवा. माझ्याकडे शके १८५२ ची, म्हणजे १९३० ची एक आहे, गुलाबी कागद, कोपऱ्यात कुंकवाचं बोट, आणि मागच्या कोऱ्या बाजूला कुणीतरी शिसपेनीनं लग्नाचा हिशेब मांडलाय, तूप, गूळ, पत्रावळी, वाजंत्री, सगळं रुपये-आणे-पैत, आणि एका ओळीवर काट मारून बाजूला "मामांनी दिले" असं लिहिलंय. पुढची छापील बाजू शंभर घरांत सापडेल, ही मागची बाजू एकाच घराची. तुमच्या ट्रंकेतल्या पत्रिकाही उलटून बघा.

एवढं सगळं झाल्यावर, कागद फोटो काढून, वाचून झाल्यावर, घरात ठेवायचे नसतील तर दोन मार्ग. संस्थेला द्या आणि देताना कुठल्या घराचे ते लिहून द्या. किंवा विका, पण सगळा गठ्ठा एकत्र, चांगलं चांगलं निवडून नेऊ देऊ नका, आणि दोघा-तिघांना दाखवून. फोटो मात्र विकायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा आणि कोण कोण आहेत ते मागच्या बाजूला हलक्या हातानं शिसपेनीनं लिहून घ्या. बॉलपेन नको, पुढे उमटतं.

प्रश्न: साबणाची एक जुनी जाहिरात घेतली, जाड पुठ्ठ्यावर छापलेली, खाली "किंमत ३५ न. पै." असं आहे आणि पुण्याच्या विक्रेत्याचा पत्ता. साल कुठेच नाही. विकणारा १९३० ची म्हणाला. खरं आहे का? (एक वाचक, कर्वेनगर)

नाही. आणि ते तुमच्या पत्रातच आहे. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. नव्या पैशाला "नया पैसा" म्हणायचे ते १ जून १९६४ पर्यंत, मग "नया" गळला. म्हणजे "न. पै." छापलेली तुमची जाहिरात १९५७ ते १९६४ च्या आसपासची, वस्तू वाईट नाही, पण १९३० चे पैसे देऊ नका.

छापील कागदाचं वय त्याच कागदावर लिहिलेलं असतं, वाचायची सवय लागली की मजा येते. आणे असले तर १९५७ च्या आधीची. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसतं "पुणे २" किंवा "पुणे ३०" असेल तर त्यावरनं ठाम काही ठरवू नका, आपण अजूनही तसं लिहितो. "महाराष्ट्र राज्य" असेल तर १ मे १९६० नंतरची. फोनचे आकडे मोजा, तीन-चार आकडी नंबर आणि सात-आठ आकडी नंबर ह्यात मोठा काळ आहे. मराठी मजकूर असेल तर अनुस्वार बघा, "कांहीं", "नाहीं", "घरांत" असं छापलेलं असेल तर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची छपाई, काही छापखाने आणि काही हट्टी लेखक पुढेही तसंच चालवत राहिले, म्हणून ह्या एकाच पुराव्यावर जाऊ नका, दोन-तीन जुळले पाहिजेत.

मग भिंग लावा. जुन्या दगडी छपाईत, लिथोमध्ये, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे दिसतात. ऑफसेटमध्ये ठिपके शिस्तीत, छोट्या छोट्या फुलांसारख्या गोल मांडणीत. इंकजेट प्रिंट असेल तर शाईची बारीक फवारणी. चेहऱ्याच्या गालावर किंवा आकाशाच्या फिक्या भागावर बघा, तिथे लगेच कळतं. शेवटी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी रसायन घालतात ते निळसर चमकतं, १९३० चा म्हणून सांगितलेला कागद तसा चमकला तर सरळ परत द्या. आणि पिवळेपणाला भुलू नका, पिवळेपणा चहाच्या पाण्यानंही आणता येतो, चहाचा रंग घडीत आणि कडेला जास्त साचतो, खऱ्या जुनेपणात उजेड लागलेला भाग आणि झाकलेला भाग ह्यांत फरक दिसतो.

प्रश्न: एका दुकानात सरस्वतीचं फ्रेम केलेलं चित्र आहे, "ओरिजिनल राजा रविवर्मा" म्हणून अठरा हजार सांगतात. फ्रेम शिसवी आणि खरंच जुनी वाटते. घ्यावं का? (एक दांपत्य, औंध)

आधी "ओरिजिनल" म्हणजे काय म्हणताय ते त्यांना विचारा. रविवर्म्यांनी हातानं रंगवलेलं चित्र अठरा हजारांत मिळत नाही. ते म्हणत असणार प्रेसची छपाई, ओलिओग्राफ. रविवर्म्यांनी १८९४ ला मुंबईत प्रेस काढली, पुढे ती आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आली, मग श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतली, रविवर्मा १९०६ ला गेले पण प्रेस पुढे कित्येक वर्षं चालू राहिली, १९७२ च्या आगीत संपली. म्हणजे "रविवर्मा प्रेस" असं खाली छापलेलं असलं तरी ते त्यांच्या हयातीतलंच असेल असं काही नाही. ह्या प्रेसची चित्रं इतकी लोकप्रिय झाली की दुसऱ्यांनीही त्यांच्या नकला काढल्या. पुण्यात चित्रशाळा प्रेस होतीच, १८७८ पासून, त्यांची देवादिकांची आणि शिवाजी महाराजांची दगडी छपाई अजून वाड्यांतनं निघते आणि ती दिसली तर मला जास्त आनंद होईल, आपल्या गावात छापलेली आहे.

आता करायचं काय, तर फ्रेम उघडून दाखवा म्हणा. जुनी फ्रेम म्हणजे जुनं चित्र नव्हे, जुन्या फ्रेमा सुट्या विकत मिळतात आणि त्यात नवी प्रिंट बसवतात. उघडल्यावर भिंगानं ठिपके बघा, वर सांगितलंय तसं. मागचा कागद बघा, काच आणि चित्र ह्यांच्यामध्ये कडेला किती धूळ गेलीय ते बघा. खालची पट्टी, जिथे प्रेसचं नाव आणि शीर्षक असतं, ती कापलेली आहे का बघा, फ्रेममध्ये बसवायला पूर्वी सर्रास कापायचे, कापलेली असली तर किंमत उतरते. अंगावर टिकल्या-जरी लावून सजवलेलं असेल तर ते बिघडलेलं समजू नका, घरोघरी बायका असं सजवायच्या, मला तर तीच चित्रं जास्त आवडतात. दुकानदार फ्रेम उघडायला तयार नसेल तर अठरा हजार खिशात ठेवा. घेतलंत तर पावतीवर "जुनी छपाई, अमुक प्रेस" असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "फ्रेम एक नग" नको.

प्रश्न: हॉलमध्ये ठेवायला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घ्यायचाय, ऑनलाइन बरेच दिसतात. (कोथरूड)

चकचकीत पितळी कर्णा, आठ कोनी खोका, वर कुत्र्याचं नवंकोरं लेबल असं सगळं एकत्र दिसलं तर तो बहुतेक आत्ता बनवलेला, आत कुठल्यातरी पोर्टेबल मशीनचे सुटे भाग. जुने कर्णे जास्त करून रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे असायचे. प्लस आकाराच्या खाचेचे स्क्रू दिसले तर १९३० च्या आधीचा म्हणून घेऊ नका. नुसतं शोभेला हवं असेल तर नवा घ्या की, पण नव्याच्या भावात. वाजवायचा असेल तर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्याच लावा, नंतरची प्लॅस्टिकची एलपी लावली तर एका फेरीत खरवडून जाईल, आणि लोखंडी सुई प्रत्येक बाजूला बदला.

प्रश्न: माझ्या वडिलांकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली जुनी पाच रुपयांची नोट आहे. मोबाइलवर जाहिरात आली की ह्याचे लाखो रुपये मिळतात, फक्त आधी रजिस्ट्रेशन फी भरायची. वडील भरायला निघालेत. (एक मुलगी, हडपसर)

त्यांना आत्ताच्या आत्ता थांबव. ट्रॅक्टरच्या नोटा लाखोंनी छापल्या गेल्या, ह्या भावात कुणी घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावानं फी, कमिशन, टॅक्स मागणारे सगळे भामटे, खुद्द रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये तसं जाहीर केलंय की अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलीही फी घेत नाही. नोटा-नाण्यांचा खरा भाव कळून घ्यायचा असेल तर वडिलांना घेऊन नाण्यांच्या प्रदर्शनाला जा, पुण्यात ती भरतात, चार टेबलांवर दाखवली की अंदाज येतो. राम-सीता, हनुमान कोरलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं कुणी दाखवलं तर तेही घेऊ नका, कंपनीनं तसली नाणी कधी काढलीच नाहीत. आणि घरात बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आठवण म्हणून ठेवल्या असतील तर दहाच्या वर नकोत, संग्राहकांना पंचवीसपर्यंत चालतात, २०१७ चा कायदा आहे.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत असतो. त्याला आमच्या देवघरातली पितळी अन्नपूर्णा, एक जुनी पोथी आणि आजोबांची हस्तिदंती मुठीची काठी न्यायचीय. एअरपोर्टवर अडवतील का? (एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर)

काका, काठी अजिबात देऊ नका. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि वन्यजीव कायद्यात ते फार महागात पडतं, तिकडेही पकडतात. सांबरशिंग, कासवाची पाठ, कातडी, सगळ्याला हेच लागू. काठी घरातच राहू दे.

अन्नपूर्णा आणि पोथीचं असं, १९७२ चा पुरावस्तू कायदा म्हणतो शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखितं आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन महत्त्वाचे कागद असतील तर पंच्याहत्तर वर्षं पुरतात, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. भेट म्हणून, आठवण म्हणून, घरचीच म्हणून, कशानंही नाही. अन्नपूर्णा शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे ती दाखवून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यायचा आणि तो सामानाबरोबर ठेवायचा. पोथी हस्तलिखित आहे की शिळाप्रेसची, म्हणजे दगडी छपाईची, ते आधी बघा. हस्तलिखित आणि जुनी असेल तर मुलाला चांगले फोटो काढून द्या, मूळ इथेच. काही प्रकारच्या पुरावस्तू, दगडाच्या आणि धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं, ह्यांची नोंदणी करावी लागते, तेही तिथेच विचारून घ्या.

ह्यावरनं घेणाऱ्यांनाही सांगते. पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन लागतं, दुकानदाराकडे आहे का ते विचारायला लाजू नका. देवळातली वाटणारी मूर्ती, बैठक कापलेली, शेंदराचे थर असलेली, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कुठल्यातरी गावाचा देव उचलून आणलेला असतो तो. शेतात, पाया खोदताना हंडा, नाणी सापडली तर तीही आपोआप सापडणाऱ्याची होत नाहीत, १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

प्रश्न: जुनी नाट्यपत्रकं आणि वर्तमानपत्राची पानं जमवलीत. कडा तुटायला लागल्या म्हणून लॅमिनेशन करून घ्यावं म्हणतोय, दुकानदार म्हणतो कायमचं टिकेल. (एक वाचक, चिंचवड)

कृपा करून करू नका. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि चिकट थर कागदात कायमचा जातो, पुन्हा काढता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आतच राहून तो आतल्या आत तपकिरी होत जातो. सेलोटेपही नको, काही वर्षांत टेप गळून पडते आणि पिवळा चिकट डाग मागे राहतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त, आम्ल असलेला, तो ठिसूळ होणारच, आपण फक्त वेग कमी करू शकतो. मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवू नका, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, किंवा आम्लरहित कागदाच्या घडीत. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चांगला कागद मिळतो, पण घेताना आम्लरहित आहे का ते विचारूनच घ्या, हातकागद म्हणजे आपोआप आम्लरहित असं नाही. फाटलेलं जोडायचंच असेल तर गव्हाची पातळ खळ आणि बारीक जपानी टिश्यू, फेव्हिकॉल नाही.

ठेवायची जागा म्हणजे भिंतीला न टेकलेलं कपाट, आतल्या खोलीतलं, माळा नको कारण उन्हाळ्यात तिथे भाजतं आणि पावसाळ्यात गळतं. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका, वेखंडाच्या पुरचुंड्या कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पोथ्यांना आजीलोक तेच करायच्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी उघड दिवस बघून सगळं उघडा, उन्हात नाही, पंख्याखाली, आणि पानांच्या कडांवर पिठासारखी भुकटी किंवा चंदेरी कसर पळताना दिसली तर ते खोकं बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळं करा. नाट्यपत्रकांची यादी मला नक्की पाठवा, कुठल्या थिएटरात कुठल्या तारखेचा प्रयोग एवढं लिहिलंत तरी पुढच्या अंकात त्यावर सविस्तर लिहिता येईल.